भाईकडच्या चाव्या

भाईच्या घराची बेल वाजली आणि मी दचकलो. दचकण्यासारखं खरं तर काही नव्हतं, दुपारचे सव्वातीन झाले होते आणि बेल कोणाचीही वाजू शकते. पण भाईला जाऊन सहा महिने झाले होते, आणि मुलुंडच्या या पहिल्या मजल्यावरच्या घरात बेल वाजवून भेटावं असं आता कोणी राहत नाही हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. मी बोरिवलीहून दर बुधवारी येतो, खिडक्या उघडतो, पंखा लावतो, घर रिकामं करायचं म्हणून एखादं कपाट उघडतो आणि संध्याकाळपर्यंत त्याच कपाटासमोर बसून राहतो. माझी बायको रश्मी म्हणते, याला आवरणं म्हणत नाहीत, चिवडणं म्हणतात. तर त्या बुधवारी मी असाच चिवडत बसलो होतो आणि बेल वाजली. एकदा, दोनदा, मग कोणीतरी बोट दाबूनच धरलं.

दारात चौथ्या मजल्यावरची सपना उभी होती. अंगात गाऊन, हातात कचऱ्याचा रिकामा डबा, पायात चप्पल नाही. ती कचरा टाकायला खाली आली होती, मागे वाऱ्याने दार आपटलं आणि लॅच लागलं. फोन आत. नवरा नितेश अंधेरीला ऑफिसात, तो निघाला तरी यायला दीड तास. आत तिचे सासरे, सामंतकाका, जेवून झोपलेले, आणि कानाची मशीन काढून ठेवली की त्यांच्या उशाशी ढोल वाजवला तरी ते कूस बदलत नाहीत. हे सगळं तिने एका दमात सांगितलं आणि मुख्य गोष्ट शेवटी सांगितली, की गॅसवर दूध आहे.

"आमची चावी भाईकाकांकडे आहे," ती म्हणाली. "म्हणजे, होती ना."

"कुठली?"

"ते मला काय माहीत, काका? भाईकाकांना माहीत होती."

हे वाक्य सहा महिन्यांत मी इतक्या जणांकडून ऐकलं होतं की मला आता त्याचा राग येऊ लागला होता. या बिल्डिंगमध्ये चोवीस घरं, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक घराची जादा चावी माझ्या भावाकडे ठेवलेली. कधीपासून, कोणी सुरुवात केली, हे कोणालाच सांगता येत नाही. लॅचची दारं आली तेव्हापासून असावं. मुलं शाळेतून लवकर आली, कोणी बाहेर अडकलं, म्हातारी बाथरूममध्ये पडली, की लोक पहिल्या मजल्यावर यायचे आणि भाई दाराच्या मागच्या खिळ्यावरून डबा काढायचा. डबा म्हणजे त्याचा जेवणाचा डबा, तीन कप्प्यांचा, जो तो एकतीस वर्षं मरोळच्या कंपनीत नेत होता. तो निवृत्त झाला तेव्हा त्याची बायको, सुगंधावहिनी, अजून होती. तिने विचारलं, हा आता भंगारात देऊ का, तर याने त्यात चाव्या भरल्या. एकाही चावीला नाव नाही, नंबर नाही. रश्मीने एकदा त्याला छोट्या चिठ्ठ्या आणि दोरा आणून दिला होता, तिला अशा गोष्टींची हौस. भाई हसला. "नाव लिवून ठेवलंय आणि डबो कोणी उचलून नेल्यान, तर चोराक घर गावतला," तो म्हणाला. माझ्याशी आणि वहिनीशीच तो मालवणीत बोलायचा, बाकी जगाशी मुंबईची मराठी.

तो गेल्यावर मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, की ज्यांच्या चाव्या भाईकडे होत्या त्यांनी रविवारी येऊन ओळखून न्याव्यात. अकरा जण आले. मी सतरंजीवर तीसेक चाव्या पसरून ठेवल्या. लोक आले, बसले, चहा प्याले, प्रत्येकाने भाईची एक गोष्ट सांगितली, डोळे पुसले आणि चावी न घेता उठले. कोणालाच आपली ओळखता येईना. पंधरा वर्षांपूर्वी दिलेली चावी कशी दिसते हे कोण लक्षात ठेवणार, आणि मुळात लक्षात ठेवायचं काम त्यांनी भाईवर सोडलं होतं. मला त्या दिवशी फार एकटं वाटलं. म्हणजे ते सगळे रडत होते, आणि मनापासून रडत होते, त्यात खोटं काही नव्हतं. लॉकडाऊनमध्ये कणकवलीला अडकलेल्या नाईकांच्या टाकीतल्या माशांना याने अडीच महिने खाऊ घातला होता. मे महिन्यात अर्धी बिल्डिंग गावी जायची तेव्हा सात घरांच्या तुळशींना हा पाणी घालायचा, आणि माणसं गावाहून परत येत तेव्हा त्यांच्या फ्रिजमध्ये दूध आणि पावाची लादी असायची. कोणी सांगितलेलं नसायचं. नाईकबाई म्हणाल्या, प्रवासातून आल्यावर आपल्या अंधाऱ्या घरात दूध आधीच आणून ठेवलेलं असणं म्हणजे काय ते तुम्हाला नाही कळायचं. मला कळत होतं. माझ्याही फ्रिजमध्ये त्याने ठेवलं होतं, दोनदा. पण मी त्यांच्यासारखा मोकळेपणी रडू शकत नव्हतो, कारण त्या सतरंजीवर बसलेल्या सगळ्यांत मी एकटाच असा होतो ज्याला भाईने एकदा ओळख दिली नव्हती.

मी डबा उचलला आणि सपनाच्या मागून जिने चढू लागलो. तिने माझ्या फोनवरून नितेशला सांगितलं, तो निघतो म्हणाला, आणि मी वॉचमनला स्टेशनजवळच्या चावीवाल्याकडे पिटाळलं. दुसऱ्या मजल्यावर मला धाप लागली. या बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि भाई हे जिने दिवसातून दहा वेळा चढायचा. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, तरी चढायचा. आमच्या वडिलांची गिरणी संपात बंद पडली तेव्हा मी नववीत होतो आणि भाई नुकताच मरोळला लागला होता, टूलरूममध्ये फिटर म्हणून. त्याने मला शिकवलं असं मी म्हणणार नाही, तसं म्हटलं की त्याला राग यायचा. पण मी शिकलो आणि तो कानस घेऊन उभा राहिला, हे खरंच आहे. एकदा मी त्याची टूलरूम बघायला गेलो होतो, कॉलेजात असताना. त्याने घासलेल्या लोखंडाच्या तुकड्यावरून डोळे मिटून अंगठा फिरवला आणि म्हणाला, इथे जरा उंच आहे. मग मला फिरवायला लावला. मला काहीच कळलं नाही. माझा अंगठा पुस्तकाची पानं उलटण्यापुरताच होता. तो हसला आणि त्याने तो तुकडा पुन्हा व्हाइसमध्ये पकडून कानशीने घासला. ते दृश्य मला कधी विसरता आलं नाही, की एवढासा फरक, केसाएवढा, जो मला जन्मात कळणार नाही, तो माझा भाऊ रोज आठ तास शोधत उभा असतो आणि संध्याकाळी घरी येऊन मला विचारतो, आज काय शिकलास.

चौथ्या मजल्यावर दारासमोर उकडत होतं. सपनाने दार वाजवायला सुरुवात केली, दोन्ही हातांनी. मी डबा जमिनीवर ठेवून वरचा कप्पा काढला. त्यात खिळे, रबर, दोन-तीन बोटभर उंचीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या, चिकटपट्टीवरची अक्षरं पुसून गेलेली. कानात घालायचं औषध असावं, सामंतकाकांसाठी आणलेलं, असं मी धरून चाललो होतो आणि फेकून द्यायचं राहून गेलं होतं. खालच्या कप्प्यात चाव्या. मी पहिली घेतली, लावली, ती आतच जाईना. दुसरी आत गेली पण फिरेना. तिसरी. लॅच चार-पाच प्रकारचीच असतात, त्यामुळे निम्म्या चाव्या आत जातात आणि तिथेच माणसाला आशा लावतात.

आता मी ते सांगतो, कारण त्या दारासमोर एकेक चावी लावताना मी तेच आठवत होतो. माझी मुलगी मानसी, तिचं लग्न अडीच वर्षांपूर्वी पार्ल्याला झालं. मुहूर्त अकरा-वीसचा होता. भाईने सकाळी आठला यायचं होतं, तो घरातला मोठा, त्याच्याशिवाय पानही हलत नाही अशी आमच्याकडची रीत. साडेआठ झाले, दहा झाले, फोन बंद. मंगलाष्टकं झाली. पंगती बसल्या आणि एक वाजता भाई आला, घामाघूम, शर्टाचं एक बटण चुकलेलं, हात रिकामे. म्हणाला, सामंतकाकांना बरं नव्हतं रे, अचानक. आणि मी, सुबोध परब, ज्याला त्याने कानस घासून मोठं केलं, भर हॉलमध्ये सगळ्यांसमोर म्हणालो, की तुझी बिल्डिंग तुला लखलाभ, तू आमच्याकडे पाहुण्यासारखा आलास, आता जेवून जा. तो पंगतीत जाऊन बसला. जेवला. मानसीच्या डोक्यावर हात ठेवताना त्याचा हात आधी तिच्या खांद्यावर पडला, मग डोक्यावर गेला, एवढं मला आठवतं. मला तेव्हा वाटलं, माझ्या बोलण्याने हात कापतोय.

आणि त्यानंतर महिन्याभराने घाटकोपर. मेट्रोतून उतरून मी पुलावर कठड्याला टेकून उभा होतो, रश्मीची वाट बघत. समोरून भाई आला. निळ्या चौकड्यांचा शर्ट, हातात कापडी पिशवी, एक हात पुलाच्या मधल्या कठड्यावर. मला बरं वाटलं. मनातल्या मनात मी माफीचं वाक्य जुळवायलाही लागलो होतो. मी हात वर केला आणि हाक मारली, भाई. मुंबईत अशी हाक मारली की काय होतं ते सांगायला नको, चार अनोळखी माणसं वळली. माझा भाऊ वळला नाही. तो माझ्या डाव्या हाताने, वीतभर अंतरावरून गेला, मान ताठ, नजर सरळ समोर. त्याच्या अंगाला येणारा साबणाचा वास मला आला. त्याने मला बघितलं नसेल असं मानायला जागाच नव्हती. पाठमोरा भाई गर्दीत मिसळेपर्यंत मी बघत राहिलो आणि मला कळलं की या माणसाला राग येतो. साठ वर्षांत कोणावर आला नाही, तो माझ्यावर आला.

त्यानंतर त्याचे फोन नेहमीसारखे येत. आवाज नेहमीसारखा. रश्मीची चौकशी, मानसीची चौकशी. पण मी त्या आवाजात आता तेच ऐकायचो, की हा सगळ्यांशीच असा बोलतो, नाईकांशी, सामंतांशी, दूधवाल्याशी. मी त्या सगळ्यांतला एक झालो. लहानपणी मी शाळेतून येताना खोलीची चावी हरवली होती, नऊ वर्षांचा होतो, आणि वडिलांना भाईने सांगितलं की माझ्याकडून हरवली. त्याने खाल्लेला मार मी दाराआडून बघितला होता. तो भाऊ मी पार्ल्याच्या हॉलमध्ये चार शब्दांत घालवला होता, आणि त्याच्याकडे तो विषय काढायची माझी छाती झाली नाही. काढला असता आणि तो म्हणाला असता, हो, बघितलं होतं तुला, तर?

मग मार्केटच्या कोपऱ्यावर मागे येणाऱ्या रिक्षेने त्याला धक्का दिला. कंबरेचं हाड मोडलं, मग छातीत कफ, आठ दिवस. मी हॉस्पिटलात गेलो की तो विचारायचा, कोण, सुबोध? मी म्हणायचो, हो. पहिल्याच दिवशी मी त्याला म्हणालो होतो, भाई, बघून चालता येत नाही का? काळजीनेच म्हणालो, पण आवाज वरच्या पट्टीतला लागला. "चुकलाच रे," तो म्हणाला. "होतला बरा." बरं झालं नाही.

"काका, वास येतोय," सपना म्हणाली.

दूध करपल्याचा वास दाराच्या फटीतून येत होता. मी आता चाव्या ओतून घेतल्या, लावलेल्या आणि न लावलेल्या मिसळल्या, माझ्या हाताला घाम आला होता. शेजारच्या दारातून कोणी म्हणालं, दार तोडा. कोणी म्हणालं, फायर ब्रिगेडला फोन करा. वास बदलला. करपल्याचा वास होताच, पण त्याच्या मागे दुसरा एक वास यायला लागला, आणि तो आम्हा दोघांना एकदमच कळला. दूध उतू जाऊन बर्नर विझला होता. आत गॅस सुटला होता आणि आत एक म्हातारा माणूस झोपला होता. सपनाने दार वाजवणं थांबवलं. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि नुसती माझ्या हातांकडे बघू लागली.

तेवढ्यात माझ्या हातात माझी चावी आली. माझी म्हणजे माझ्या बोरिवलीच्या घराची. मी ती लगेच ओळखली, तिची जुळी बहीण माझ्या खिशात असते आणि दोघींचंही डोकं मोरपंखी प्लास्टिकचं, आता कोणी अशी करत नाही. अठरा वर्षांपूर्वी वास्तुशांतीच्या दिवशी मी ती भाईच्या हातात दिली होती. ती या डब्यात असेल असं मला वाटलंच नव्हतं. मी ती चिमटीत धरली आणि माझा अंगठा तिच्या डोक्याखालच्या, कुलपात न जाणाऱ्या धातूच्या कडेवरून गेला. कडेला खाचा होत्या. बारीक, एकसारख्या अंतरावर, कानशीने पाडलेल्या. माझ्या खिशातल्या चावीला अशा खाचा नाहीत. मी त्या मोजल्या, का मोजल्या देव जाणे. एका बाजूला सात. उलटी केली, दुसऱ्या बाजूला तीन. माझं घर सातव्या मजल्यावर आहे. सातशे तीन.

मी दुसरी चावी उचलली. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला पाच. तिसरी. तीन आणि एक. सगळ्यांना खाचा होत्या. त्या रविवारी सतरंजीवर त्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होत्या आणि आम्हाला वाटलं, जुन्या चाव्या आहेत, झिजल्या आहेत. "तुमचा नंबर चारशे दोन ना?" मी सपनाला विचारलं, उगाच, दारावर पितळेत लिहिलेलं होतं. मग मी डोळे मिटले, कारण डोळ्यांनी फार वेळ लागत होता, आणि एकेक चावी अंगठ्यावरून काढू लागलो. एक-सहा. दोन-दोन. तीन-चार. चार. चार आणि दोन.

दार उघडलं. मी रुमाल नाकाला लावून आत गेलो, गॅस बंद केला, सपनाने खिडक्या उघडल्या. कोणीतरी ओरडलं, लाइट लावू नका. सामंतकाका आतल्या खोलीत पांघरूण छातीपर्यंत घेऊन झोपले होते, घोरत होते. त्यांना हलवून गॅलरीत आणून खुर्चीवर बसवलं तेव्हा ते आम्हा सगळ्यांवर चिडले. सपना हसायला लागली आणि मग रडायला लागली. जमलेली माणसं हळूहळू पांगली.

मी मात्र गेलो नाही. माझ्या हातात ती चावी होती आणि मी तिच्याकडे बघत होतो. भाईच्या चाव्या जुन्या, काळ्या पडलेल्या, पण खाचांच्या आतला धातू पिवळाजर्द होता. या खाचा काही पंधरा वर्षांपूर्वीच्या नव्हत्या. मी फिटर नसलो तरी एवढं मला कळतं. आणि माझ्या चावीवरच्याही तशाच होत्या, ताज्या. तो निवृत्त झाल्यानंतर कित्येक वर्षांनी, कदाचित त्या लग्नानंतर, घाटकोपरच्या पुलानंतर, कानस घेऊन बसला होता आणि त्याने माझी चावी बाजूला काढली नव्हती, तिच्यावर सात आणि तीन घातले होते. पण नजरेने ओळखणाऱ्या माणसाला खाचांची गरज का पडावी? ज्या अंगठ्याने केसाएवढा फरक कळतो, त्याच्यासाठी तर इतक्या खोल खाचा नकोतच. घाईत, अंधारात चावी शोधणाऱ्या माणसाच्या या खाचा होत्या.

सामंतकाकांनी कानात मशीन घातली. मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसलो आणि चावी त्यांना दाखवली. त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही.

"दोन दिवस घासत बसला होता, इथेच, या गॅलरीत," ते म्हणाले. ऐकू कमी येत असल्याने ते मोठ्यानेच बोलतात. "मी नंबर सांगायचो, तो खाचा पाडायचा. तुला माहीत नव्हतं?"

"काय माहीत नव्हतं?"

"काचबिंदू रे. डावा डोळा तर तीन वर्षांपूर्वीच गेला. उजव्याने नळीतून बघावं तेवढं दिसायचं. पुढे तेही कमी कमी होत गेलं."

 रोज सकाळी खाली बाकावर सामंतकाका पेपर मोठ्याने वाचायचे, अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जायचं, आणि भाई शेजारी बसून ऐकायचा. लोक म्हणत, बिचारा भाई, म्हाताऱ्याचं मन राखतो. महिन्यातून एकदा तो त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन जायचा, सगळे त्याचं कौतुक करत. काका म्हणाले, कानाचा डॉक्टर आणि डोळ्यांचा डॉक्टर एकाच इमारतीत बसतात. मी त्याचे डोळे, तो माझे कान. रस्ता ओलांडताना मी त्याचा दंड धरायचो, लोकांना वाटायचं त्याने माझा धरलाय. त्या छोट्या बाटल्या मला आठवल्या, वरच्या कप्प्यातल्या.

"आणि तुझ्या पोरीच्या लग्नात तर त्याने कमाल केली," काका म्हणाले आणि हसू लागले. "मी आजारी होतो म्हणून सांगितलं ना त्याने? मला काय धाड भरली होती. तो आठ वाजताच पार्ल्याला पोचला होता. त्या गल्लीत दोन हॉल आहेत. हा दुसऱ्यात जाऊन बसला. पुढच्या रांगेत. मंगलाष्टकं झाली, अक्षता टाकल्या, स्टेजवर जाऊन आहेर दिला. मरोळच्या दोस्ताकडून पितळेची समई करून घेतली होती लेथवर, मानसीसाठी. ती त्या नवरीच्या हातात दिली. ती थँक्यू काका म्हणाली तेव्हा आवाजावरून याला कळलं की ही आपली नव्हे."

"मग समई?"

"तिथेच. म्हणाला, पोरगी एवढी खूश झाली, आता तिच्या हातातून कशी काढून घेऊ? मग तुमचा हॉल शोधत फिरला. शरमेने कोणाला विचारेना."

आतून भांड्याचा आवाज येत होता, सपना करपलेलं पातेलं घासत होती. तो आवाज थांबला. मी गॅलरीचा कठडा धरला. कोणा परक्या मुलीच्या देवघरात, दहिसरला की डोंबिवलीला, माझ्या भावाची समई लागत असेल, आणि तिला आठवतही नसेल की ती कोणी दिली. आणि मी म्हणालो होतो, पाहुण्यासारखा आलास. या वेळी मी मोकळेपणी रडलो.

"पण लपवलं कशासाठी?" मी विचारलं. "मला तरी सांगायचं. मी भाऊ ना त्याचा?"

सामंतकाकांनी मशीन नीट बसवली. आता ते हसत नव्हते.

"मीही तेच म्हटलं होतं. तर म्हणाला, काका, सुबोधला सांगितलं की तो मला बोरिवलीला नेऊन बसवेल. आणि इथे लोकांना कळलं तर चाव्या परत नेतील."

सपना दारात येऊन उभी होती. तिने ओले हात गाऊनला पुसले, माझ्या हातातून तिची चावी घेतली, तिच्या कडेवरून अंगठा फिरवला, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, आणि मग ती डब्यात टाकली.  

मी डबा घेऊन निघालो. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मी थांबलो आणि एक हात कठड्यावर ठेवून डोळे मिटले. अगदी मिटले नाहीत, उजवा किंचित उघडा ठेवला, मुठीची नळी करून त्यातून बघावं तसा. पायऱ्या एकदम खोल गेल्या. खालून कोणीतरी येत होतं, माझ्या डावीकडून, चपलांचा आवाज आला, कोण ते दिसलं नाही, आणि मी मान ताठ केली. मान आपोआपच ताठ झाली, पडू नये म्हणून. ती व्यक्ती जाताना म्हणाली, काय काका, मिळाली का चावी, आणि मी नुसतीच मान हलवली, कारण माझं सगळं लक्ष पुढच्या पायरीत होतं.

तेव्हा मला तो पूल पुन्हा दिसला. मी कठड्याला टेकून, भाई येतोय, निळ्या चौकड्यांचा शर्ट, मी त्याच्या डाव्या हाताला. गेलेल्या डोळ्याच्या बाजूला. गर्दीत शंभर माणसं बोलत होती, आणि मुंबईत कोणीही कोणालाही भाई म्हणतं. म्हणजे राग नव्हता. साठ वर्षांत आला नव्हता तो तेव्हाही आला नव्हता. मी जिन्यात उभा राहून हे स्वतःला दोनदा सांगितलं आणि मला इतकं हलकं वाटलं की मी खाली बसलो. आणि बसल्यावर, डबा मांडीवर घेऊन, दुसरी गोष्ट आठवली, जी मी अडीच वर्षं कोणालाच सांगितली नव्हती, रश्मीलाही नाही. मी हात पुढे केला असता तर तो माझ्या हाताला लागला असता. मी हात केला नाही. नाव घेऊन पुन्हा हाक मारली नाही. त्याच्या मागे चार पावलं गेलो नाही. त्याने वळावं म्हणून मी तिथेच थांबलो, आणि मग अडीच वर्षं थांबलो. भाईला मी हाक एकदाच मारली होती.